भावजींचं श्रूजबेरी

आमच्या भावजींना कुठल्याही गावाला न्या, पोचल्या पोचल्या ते परतीच्या गाडीची चौकशी करतात. गाव बघणं त्यांच्या लेखी दुय्यम. गाडी वेळेवर येणं, ती आपण पकडणं आणि आपल्यामुळेच बाकीच्यांनाही ती मिळाली हे दिवसभर ऐकवणं, याला ते पर्यटन म्हणतात.

दिलीप भावजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, संजीवनीताईचे यजमान. मूळचे पुण्याचे, सिंगापुरात येऊन वीसेक वर्षं झाली, पाया लेबारला एका कंपनीत आयटी मॅनेजर आहेत. हा माणूस मला कधीच आवडला नाही. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे कुणी माझ्याकडून न्यायाची अपेक्षा ठेवायला नको.

एकदा आम्ही सगळे सिंगापूरजवळच्या पुलाउ उबीन बेटावर सायकली चालवायला निघालो होतो. तिथली होडी बारा माणसं जमली की सुटते, तिला वेळापत्रक नाही. भावजी धक्क्यावर त्या म्हाताऱ्या चिनी नावाड्याला पुन्हा पुन्हा विचारत होते, "पण नेक्स्ट कितीला आहे?" तो हसून माणसं मोजून दाखवायचा. भावजींना वाटलं, तो मुद्दाम लपवतोय. बेटावर उतरल्यावरही त्यांनी कुणाला धड सायकल चालवू दिली नाही, कारण परतीच्या होडीचा भरवसा नव्हता.

अशा माणसाच्या पोटी ऋचासारखी मुलगी कशी आली, देव जाणे. ऋचा फिजिओथेरपी शिकली आणि भावजींच्याच हाताखाली काम करणाऱ्या नरेशशी तिने लग्न ठरवलं. नरेश नागपूरचा. ऑफिसात तो "आमचा नरेश" होता. कुठलीही सिस्टिम बंद पडली की भावजी त्यालाच हाक मारायचे, घरी जेवायला बोलवायचे, ताईच्या हातची आमटी त्याला वाढायला लावायचे. जावई व्हायची गोष्ट निघाली आणि त्याचं नावच घरातून गेलं. नुसता "तो" उरला. नरेश बौद्ध आहे. भावजी हे कधी तोंडाने म्हणाले नाहीत. ते म्हणायचे, "त्यांच्याकडचं वातावरण वेगळं असतं गं." कसलं वातावरण? हा माणूस नरेशच्या घरी एकदाही गेला नव्हता.

लग्नाला स्वतः गेले नाहीत आणि ताईलाही जाऊ दिलं नाही. पुढे नरेशला इंग्लंडमध्ये नोकरी मिळाली, दोघं श्रूजबेरीला राहायला गेली. ताई लेकीशी चोरून फोनवर बोलायची. मग ऋचाला मुलगा झाला. क्षितिज. ताईने आयुष्यात पहिल्यांदा नवऱ्याला सांगितलं, "मला त्याला मांडीवर घ्यायचंय. फोनवर नाही."

भावजी नाही म्हणाले नाहीत. त्यांनी त्याहून वाईट केलं, टूर आखली.

डिसेंबरच्या सुट्टीत इंग्लंड. लंडन, ऑक्सफर्ड, बर्मिंगहॅम, आणि बर्मिंगहॅमहून एका दिवसात श्रूजबेरी करून परत. "श्रॉपशायरचं मुख्य गाव आहे ते," भावजी भेटेल त्याला सांगत सुटले. "बर्मिंगहॅमहून तासाभराची ट्रेन. स्टेशनच्या डोक्यावरच किल्ला. तिन्ही बाजूंनी नदी. जुना मठ आहे, काळ्यापांढऱ्या लाकडी घरांच्या गल्ल्या आहेत. आपली पुण्याची श्रूजबेरी बिस्किटं असतात ना, त्यांचं नाव तिथलंच!" लेक तिथे राहते, हे त्यात कुठेच नाही. मी खोदून विचारलं तेव्हा कळलं की किल्ला आणि मठ यांच्या मधे "ऋचाकडे चहा" बसवलाय. पोटच्या पोरीला या माणसाने प्रेक्षणीय स्थळांच्या रांगेत उभं केलं होतं, आणि तेही किल्ल्याच्या मागे.

श्रूजबेरीचा दिवस कुठला? तर पंचवीस डिसेंबर. "सुट्टीच्या दिवशी गाड्या रिकाम्या असतात," भावजी म्हणाले.

नरेशने हे ऋचाकडून ऐकलं आणि त्याच संध्याकाळी ताईला फोन केला. "आई, नाताळच्या दिवशी इथे ट्रेन नसतात. बसही नसतात. तुम्ही आदल्या दिवशी या, नाहीतर मी गाडी घेऊन बर्मिंगहॅमला येतो."

ताईने हे जेवताना नवऱ्याच्या कानावर घातलं. मी समोरच होते. भावजींनी ताटावरून मान वर केली. "हे कोण सांगतंय? तो? अगं, लंडनमध्ये जग चालवतात ती माणसं. नाताळला ट्रेन नाही म्हणे! आपल्याकडे सिंगापुरात सणाच्या आदल्या रात्री एमआरटी, आपली मेट्रो, उलट जास्त वेळ चालते. त्याला आपल्याला गाडीत बसवून मिरवायचंय, एवढंच."

"एकदा बघून तर घ्या," मी म्हटलं.

"बघितलंय. टाइमटेबल पाठ आहे मला." पाठ होतंच. कुठल्यातरी साध्या मंगळवारचं. तिकिटं आधी काढायचा प्रश्नच नव्हता. स्टेशनवर जायचं, कार्ड लावायचं, आत शिरायचं. आमच्या बेडोकहून मेट्रोने सिटी हॉलला जाताना कोण आधी तिकीट काढतं?

ताईने मला सोबतीला चल म्हटलं. आमच्या घरच्यांना रजा मिळाली नाही, मी एकटीच गेले. लंडन झालं, ऑक्सफर्ड झालं. ताईने दोन्हीकडे काहीही पाहिलं नाही. तिच्या पिशवीत बाळंतविडा होता, दुपटी आणि टोपरी होती, हातचे डिंकाचे लाडू होते. ती पिशवी तिने हॉटेलच्या खोलीतसुद्धा एकटी ठेवली नाही.

पंचवीस तारखेला सकाळी आम्ही बर्मिंगहॅमच्या स्टेशनावर पोचलो. दारं बंद. आत दिवे नाहीत. रस्त्यावर चिटपाखरू नाही. भावजी एका दारावरून दुसऱ्या दारावर गेले, काचेला नाक लावून आत पाहिलं, दार ढकलूनही पाहिलं. कुत्रं फिरवायला निघालेला एक गोरा आजोबा थांबून म्हणाला, "आज गाड्या नाहीत हो. नाताळ आहे ना!" वर शुभेच्छाही देऊन गेला. भावजींनी फोन काढला, ॲपवर टॅक्सी शोधली. इतक्या लांब यायला कुणी तयार नव्हतं.

मला हसू येत होतं, खोटं कशाला सांगू? पण ताईकडे पाहिलं आणि हसू जिरलं. ती पिशवी छातीशी धरून त्या बंद दाराकडे बघत होती.

"ठीक आहे," भावजी म्हणाले. "श्रूजबेरी ड्रॉप करू. उद्या सकाळी लवकर..."

"उद्या आपण लंडनला परत निघतोय," मी म्हटलं.

"मग पुढच्या वर्षी."

ताईने पिशवी माझ्या हातात दिली आणि फोन लावला. ऋचाचं लग्न ठरल्यापासून नवऱ्यासमोर ते नाव तिने उच्चारलं नव्हतं. "नरेश, येतोस का रे आम्हाला न्यायला?"

तो आला. तासाभरात गाडी घेऊन आला, थंडीतही कोटाची बटणं लावली नव्हती. आधी ताईच्या पाया पडला, मग भावजींकडे वळला आणि ऑफिसातल्या सवयीने म्हणाला, "सर, तुम्ही पुढे बसा. पाय मोकळे राहतील."

गाडीचं दार उघडं होतं. भावजींना फक्त बसायचं होतं. दुसरं काही नाही. माफी मागायची नव्हती, चूक कबूल करायची नव्हती. नुसतं बूड टेकायचं होतं.

"तू यांना घेऊन जा," ते म्हणाले. "मी उद्याच्या पहिल्या ट्रेनने येतो. मग तिथूनच लंडनला जाऊ."

"सर, उद्याही ट्रेन नाहीत."

"ते मी बघीन."

ताई मागच्या सीटवर बसली आणि दार तिने स्वतःच ओढून घेतलं. गाडी वळली तेव्हा भावजी त्या बंद स्टेशनासमोर एकटे उभे होते. मला दया आली का? नाही आली.

ताईने क्षितिजला मांडीवर घेतलं ते संध्याकाळपर्यंत खाली ठेवलं नाही. ऋचा तिच्या खांद्यावर डोकं टेकून रडली. दुपारी नरेश मला नदीकाठी फिरवून आणायला निघाला. ताई आलीच नाही. किल्ला बंद होता, लाल दगडाचा आणि तसा लहानसाच. पूल ओलांडून मठापर्यंत गेलो, तोही बाहेरूनच पाहिला. सगळं गाव घराघरांत जेवायला बसलं होतं. घरी आलो तर ताई बाळाच्या टाळूवर तेल जिरवत होती. मला म्हणाली, "मीनल, मी इथे राहतेय. सहा महिने राहता येतं, नरेशने बघितलंय."

दुसऱ्या दिवशी नरेशने मला एकटीलाच बर्मिंगहॅमला सोडलं. भावजी हॉटेलच्या दाराशी तयार उभे होते. त्यांनी पुढे होऊन गाडीचं मागचं दार उघडलं, आत पाहिलं, पुन्हा पाहिलं.

"ताईची बॅग द्या," मी म्हटलं.

बॅग नरेशने उचलली. लंडनला आम्ही दोघं बसने गेलो. भावजी वाटेत एक शब्द बोलले नाहीत. विमानातही नाही.

सिंगापुरात उतरल्यावर मात्र कंठ फुटला. एका हळदीकुंकवाला मी या कानांनी ऐकलं. पुरुषमंडळींत बसून हे महाशय सांगत होते, "किल्ला स्टेशनला लागूनच, अगदी कन्व्हीनिअंट! नदी काय सुंदर!" कुणीतरी विचारलं, नातू कसा आहे? "मस्त," म्हणाले आणि चहा मागितला. संजीवनीवहिनी कुठे आहेत, तर "तिला गाव फार आवडलं."

फेब्रुवारीत एका संध्याकाळी ते आमच्या बेडोकच्या फ्लॅटवर आले. ताईची गुडघ्याची औषधं आणली होती, तिकडे कुणी जाणार असेल तर पाठव म्हणाले. शर्टाला इस्त्री नव्हती. मी पाणी दिलं, बसा मात्र म्हटलं नाही. तेवढ्यात माझा फोन वाजला. ताईचा व्हिडिओ कॉल.

"हे बघ, हे बघ," ताई म्हणाली आणि पडदाभर क्षितिज आला. गोबरे गाल, तोंडात मूठ. ताईने त्याच्या पोटावर फुंकर मारली आणि तो खळखळून हसला.

भावजी ग्लास हातात घेऊन भिंतीशी सरकले. फोनमध्ये ते दिसू नयेत, पण त्यांना पडदा दिसावा, अशी जागा त्यांनी बरोबर शोधली. मान पुढे काढून ते बघत होते. पोर पुन्हा हसलं, तशी त्यांच्या हातातला ग्लास टेबलाला लागून वाजला.

"कोण आहे गं तिथे?" ताईने विचारलं.

मी भावजींकडे पाहिलं. त्यांनी घाईघाईने हात हलवला. नको, नको. डोळे मात्र पडद्यावरून हलले नव्हते.

"कोणी नाही," मी म्हटलं.

भावजींचं इतक्या पटकन मी आजवर कधी ऐकलं नव्हतं.