ऑर्किडची साल

बायको मुलीच्या बाळंतपणाला गेली आणि तिच्या लाडक्या ऑर्किडची कुंडी बदलायची बुद्धी मला झाली. ऑर्किड मातीत नाही, झाडाच्या सालीत लावतात. दुकानात पाइनच्या सालीचे टणक तुकडे होते, पण मी चहापत्तीसारखा बारीक चुरा निवडला, दिसायला नीटनेटका म्हणून. पाणी घालून घालून त्याचा चिखल झाला आणि मुळं काळी पडू लागली.

घाबरून मी कुंडी तळमजल्यावरच्या शेजाऱ्यांकडे नेली. हे गृहस्थ मनवेलपाड्याच्या बेकरीत पावसुद्धा अंगठ्याने दाबून घेतात. माणसांना 'अरे' म्हणतात, झाडांना 'अहो'. कुंडीतला चुरा ओतून टाकून त्यांनी स्वतःकडची साल काढली आणि एकेक तुकडा नखाने दाबत म्हणाले, "नख रुतलं की ती साल लवकर कुजते. टणक असते तीच टिकते, गाढवा." मग ऑर्किडकडे वळून म्हणाले, "बसा आता निवांत."

बायको परतली तोवर नवं हिरवं मूळ फुटलं होतं. तिने तोंड उघडण्याआधीच ते जिन्यातून ओरडले, "वहिनी, कुंडी मी बदलली हं! याने हातसुद्धा लावला नाही." माझा जीव भांड्यात पडला.

दार लावून बायको म्हणाली, "किती गोड खोटं बोलतात! पुढच्या वेळी जाताना तुम्हालाही त्यांच्याकडेच ठेवून जाते."