निल्याचा वाढदिवस आणि माझं सभ्य तेलुगू

माझ्या पोराच्या पाचव्या वाढदिवसाला गल्लीतल्या एकाही माणसाने येऊ नये, याची व्यवस्था मी स्वतः घरोघर फिरून, कुंकू लावून केली होती.

मुधोळजवळच्या आमच्या खेड्यातून मावला गावात, भाड्याच्या खोलीत येऊन वर्ष होत आलं होतं. हे नोकरीला इंद्रवेल्लीला, घरी फक्त शनिवारी. गल्ली सगळी तेलुगू. बोलायला एकटा निल्या, आणि तो घरात टिकेल तर ना! घरमालकीण सुगुणाक्काच्या कोंबडीला स्वतःचं झबलं घालणं, तिच्या वाळत टाकलेल्या मिरच्यांत आमचे चमचे पेरणं, असले त्याचे उद्योग. (आता तो हैदराबादला साहेब आहे. त्याच्या पोरीचा वाढदिवस मी फोनमध्ये बघते. केक दिसतो, वास येत नाही.)

निल्या तेलुगू फाडफाड बोलायला लागला. माझं गाडं एकाच शब्दापाशी अडलं. तेलुगूत 'या' म्हणायला 'रंडी' म्हणतात. (हो, तसंच! हात जोडून, सासऱ्यालासुद्धा!) मराठी बाईच्या तोंडून निघावा कसा? एकदा सुगुणाक्का ओल्या, नुकत्या सारवलेल्या अंगणात उभी राहून दारातल्या बायकांना हसत म्हणाली, "राकंडी, राकंडी!" म्हटलं, सापडला सभ्य शब्द! तेव्हापासून दारावरून कोणी गेलं, की मी पदर सावरून, गोड हसून 'राकंडी' म्हणायची. बायका थबकायच्या आणि निघून जायच्या. मला वाटे, काय लाजाळू माणसं!

वाढदिवसाचं आमंत्रणही तसंच दिलं. "निल्याचा पुट्टिनरोजु! राकंडी हं, नक्की राकंडी!" निल्या पदराला धरून खुदुखुदु हसत होता. मला वाटलं, वाढदिवसाचा आनंद!

संध्याकाळी फुगे लावले, चिवडा केला, दाराबाहेर चपलांसाठी जागा झाडून ठेवली. दिवेलागण झाली. फुगे सुस्तावले. झाडलेल्या जागेत एक कुत्रं येऊन झोपलं.

"आई, काप ना केक. कोनी नाई येत."

"काऊन नाई येत?"

"तूच त नको म्हनली. राकंडी म्हंजे येऊ नका!"

माझ्या हातातली सुरी तशीच राहिली. "अरे मेल्या, मंग मले सांगितलं काऊन नाई?"

"केक लहान होता."

मी हसायला गेले आणि रडायलाच लागले. वर्षभराचं साठलेलं! निल्या घाबरला. मला ओढत गल्लीत घेऊन गेला. "रडू नको ना आई. रंडी म्हन. जोरात म्हन!"

मी डोळे गच्च मिटले आणि भर गल्लीत ओरडले, "रंडी! अंदरू रंडी!" (सगळे या!)

धडाधड दारं उघडली. खोलीत पाय ठेवायला जागा उरली नाही. निल्याच्या वाट्याला केकचा एवढासा तुकडा आला, तोही चाटलेला.

मोडक्यातोडक्या हिंदीत मी सुगुणाक्काला सगळं सांगितलं. ती हसता हसता खालीच बसली. मग माझा हात धरला आणि म्हणाली, "सालभर से बुला रही थी क्या गे? हमकू लगा तेरेकू अकेली रहनाच पसंद है!"