जप्तीच्या फोनवरून

शाळेत मोबाईल जप्त करायचं काम माझ्याकडे आलं ते मी कॉम्प्युटर शिकवायचो म्हणून. खरं तर मी गणिताचा. पण शाळेत पहिले पाच कॉम्प्युटर आले तेव्हा सहा महिन्यांचा कोर्स केलेला मी एकटाच होतो, म्हणून त्या खोलीची किल्ली माझ्याकडे आली. पुढे दोन हजार चार-पाचच्या सुमारास दप्तरांत मोबाईल सापडायला लागले, तेव्हा मुख्याध्यापिका बाई म्हणाल्या, "सर, बटणांचं जे काही असेल ते तुमच्याकडे." त्यात माईक, ऑफिसचा टाइपरायटर आणि विजेवरची घंटासुद्धा आली.

शाळा नालासोपाऱ्याला, पश्चिमेला. बरीच मुलं अशी, की आईवडील दोघंही अंधारातच मुंबईला निघणारे आणि दिव्यालाच परतणारे. घरात मोठं माणूस नाही, म्हणून बापाचा जुना हँडसेट पोराच्या दप्तरात. बंदीचा ठराव करताना आम्ही ह्याचा विचार केला नव्हता. पंधरा मिनिटांची मीटिंग होती आणि वडापाव आले होते.

पद्धत मीच बसवली. वर्गात फोन वाजला की तो माझ्याकडे यायचा. मी मागचं झाकण काढून बॅटरी वेगळी करायचो, नाहीतर तो कपाटात वाजत राहायचा. फोन आणि बॅटरी खाकी पाकिटात, पाकिटावर नाव आणि तुकडी, वहीत तारीख आणि विद्यार्थ्याची सही. परत मिळणार तो शनिवारी, आणि पालक स्वतः आले तरच. बाईंना ही पद्धत इतकी आवडली की त्यांनी शेजारच्या शाळेच्या बाईंना वही दाखवायला नेली.

आता दुसरी गोष्ट. अनुदानित शाळेतल्या शिक्षकाने खाजगी क्लास घ्यायचा नाही, असा नियम होता. दरवर्षी जूनमध्ये आम्ही तसं लिहून द्यायचो. मीही द्यायचो, चांगल्या अक्षरात. आणि आगाशीच्या बाजारात एका किराणा दुकानाच्या माडीवर माझा क्लास चालायचा. बोर्डावर नाव माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याचं होतं. बी.एस्सी. झालेला, पंचविशीचा, सरळ मुलगा. तो माझा भागीदार. माझं घरही आगाशीतच, तिथे सगळ्यांना माहीत होतं की शिकवतो कोण. शाळेत कोणाला माहीत नव्हतं.

शाळा सुटायची साडेपाचला. कधी बाई थांबवून घ्यायच्या, कधी नाही. मी वेळेवर निघालो की नाही हे भागीदाराला कळायला हवं, म्हणजे उशीर होणार असेल तर तो बीजगणित सुरू करून ठेवेल. म्हणून आमची खूण ठरलेली होती. त्याच्या मोबाईलवर एक मिस्ड कॉल म्हणजे निघालो. दोन म्हणजे अडकलो, तू सुरू कर.

माझ्याकडे मोबाईल नव्हता. पहिल्यांदा मी शाळेसमोरच्या पानवाल्याच्या कॉइन बॉक्सवरून रिंग द्यायचो आणि नाणं परत काढून घ्यायचो. दोन आठवड्यांनी पानवाला म्हणाला, "सर, तुमचा रुपया भारी हुशार आहे. रोज येतो, बघून जातो." आजूबाजूला आमचीच मुलं उभी होती. दुसऱ्या दिवसापासून मी जप्तीच्या फोनांचं कपाट उघडायला लागलो.

मिस्ड कॉलला पैसे पडत नाहीत. ज्याचा फोन त्याचं काही जात नाही. बॅटरी घालायची, रिंग द्यायची, बॅटरी काढायची, पाकीट जागेवर. दीड मिनिटाचं काम. मी ह्याला चोरी म्हणत नव्हतो. खरं म्हणजे मी ह्याला काहीच म्हणत नव्हतो.

एका सोमवारी माझ्याच तासाला, नववी ब मध्ये, फोन वाजला. वर्गशिक्षकही मीच. एक मुलगी उठली, आपणहून फोन माझ्या टेबलावर आणून ठेवला. भूमितीत हुशार, बोलायला कमी.

"बंद करायला विसरले, सर. आईचा आहे. गॅस बंद केलास का, विचारत असेल."

"केलायस ना?"

"हो."

वर्ग हसला. तिने वहीत सही केली. त्या आठवड्यात कपाटात दोनच फोन होते आणि दुसरा पासवर्ड मागायचा. म्हणून सोमवार ते शुक्रवार मी तिचाच वापरला. बाईंनी दोनदा थांबवलं होतं, म्हणजे एकूण सात रिंगा. केलेल्या कॉलची यादी फोनमध्ये राहते, हे मी आठवीला शिकवत होतो. ती पुसायची, हे मला सुचलं नाही. एरवीही मी पुसत नसे आणि एरवी कोणी बघितली नव्हती.

शनिवारी तिचे वडील आले. मूळचे कोकणातले, मुंबईत एका कचेरीत क्लार्क. सुट्टी टाकून आल्याचं त्यांनी मला दोनदा सांगितलं. फोन घेतला, सही केली, गेले.

संध्याकाळी क्लासला पोचलो तर भागीदार घाबरलेला. "सर, मघाशी तुमच्या त्या नंबरवरून फोन आला. आख्खा वाजला म्हणून उचलला. मी म्हटलं, 'हां, वाट बघतोय.' तर कोणीतरी ओरडलं, 'कोण रे तू?' मला वाटलं शाळेतलं कोणी आहे. मी कट केला, बंदच करून टाकला."

"बरं केलंस," मी म्हटलं, आणि फळ्यावर त्रिकोण काढला.

त्यावर मला एक आख्खा रविवार मिळाला. हे मी मुद्दाम लिहितोय. लोक म्हणतात, त्या क्षणी सुचलं नाही. मला सुचायला छत्तीस तास होते. मी वाडीतल्या केळींना पाणी लावलं, दुपारी झोपलोसुद्धा.

सोमवारी वडील मुलीला घेऊन बाईंच्या ऑफिसात. मला बोलावणं आलं. वडिलांनी यादी कागदावर उतरवून आणली होती, तारीख, वेळ, सगळं, ओळी आखून.

"बघा मॅडम. रोज साडेपाचच्या पुढे. एकदा, नाहीतर दोनदा. बोलणं नाही, नुसता मिस्ड कॉल. हे काय असतं आम्हाला कळत नाही का? मी लावला तर पोरगा म्हणतो, वाट बघतोय. आवाज चढवला तर फोन बंद. आजतागायत बंद."

मुलगी म्हणाली, "बाबा, फोन तेव्हा माझ्याकडे नव्हताच. सोमवारपासून सरांकडे होता. वहीत सही आहे."

बाईंनी वही मागवली. सोमवार, तारीख, तिची सही. बाईंनी वडिलांच्या कागदावरच्या तारखा पाहिल्या, वही पाहिली आणि मग माझ्याकडे पाहिलं. त्या हुशार होत्या. अजून एक मिनिट तसंच गेलं असतं तर त्यांना कळलं असतं.

मी म्हणालो, "आपण बॅटरी काढून ठेवतो ना. बॅटरी काढली की फोनमधली तारीख-वेळ जाते. परत घातल्यावर काहीही दाखवतो."

हे खरं होतं. त्या काळच्या बऱ्याच हँडसेटचं तसं व्हायचं. त्या फोनचं होत नव्हतं, एवढंच.

"हं," बाई म्हणाल्या. "सरांना त्यातलं कळतं."

मुलगी माझ्याकडे बघून म्हणाली, "तारीख चुकली तर मग वेळ रोज साडेपाचचीच कशी येते, सर?"

नववीच्या मुलीने विचारलेला इतका नेमका प्रश्न मी नोकरीत फार वेळा ऐकला नाही. मला उत्तर द्यावं लागलं नाही. वडील तिच्यावर खेकसले, "गप रव! सरांसमोर उलट बोलतस?"

त्या दिवशी मला सर असल्याचा जेवढा फायदा झाला तेवढा आधी कधी झाला नव्हता.

दोन दिवसांनी वडील दाखला मागायला आले. तिला गावी आत्याकडे पाठवणार होते. आत्या कडक होती, शाळा तीन मैलांवर होती, आणि आत्याकडे फोन नव्हता, हे त्यांनी गुण सांगावेत तसे सांगितले. दाखल्याचा मजकूर वर्गशिक्षक म्हणून मीच भरला. शाळा सोडण्याचं कारण : पालकांची विनंती. वर्तणूक : उत्तम. 'चांगली' लिहायची पद्धत होती, मी 'उत्तम' लिहिलं. एवढं केलं मी तिच्यासाठी.

त्या महिन्यात मी स्वतःचा मोबाईल घेतला. आधीही घेता आला असता.

क्लास पुढे चांगला चालला. चार वर्षं गेली. ह्या चार वर्षांत मला झोप लागत नव्हती वगैरे काही नाही, लागायची. फक्त नववी ब चा तास मी मागून घेत नसे, आला तर बदलून घ्यायचो. कोणी कारण विचारलं नाही.

मग एका जूनमध्ये ती शाळेत आली. बारावी गावाहून केलेली. नर्सिंगला अर्ज करायचा होता, त्यासाठी जुन्या दाखल्याची प्रत हवी होती. शाळेच्या क्लार्कने तिला माझ्याकडे पाठवलं. मी तोवर सुपरवायझर झालो होतो. तिला लगेच ओळखलं आणि ओळखलं नाही असं दाखवलं. ती मात्र थेट बोलली.

"सर, मी नववी ब. फोनवाली."

"हो, हो. बस. काय चाललंय?"

"मुंबईला हॉस्पिटलच्या नर्सिंगला नंबर लागेल. पण हॉस्टेलला राहावं लागतं. बाबा फॉर्मवर सही करत नाहीत. एकदा फोन हातात दिला तर काय झालं, म्हणतात, आता हॉस्टेल? शुक्रवारपर्यंत फॉर्म द्यायचाय."

मी पेपरवेट फिरवत होतो.

ती म्हणाली, "तो नंबर मला पाठ होता, सर. बाबांनी इतक्यांदा वाचून दाखवला होता. गावाहून एसटीडीवरून लावला मी एकदा. उचलणारा म्हणाला, क्लासची चौकशी असेल तर सर सहानंतर भेटतील. मी विचारलं, कोण सर? त्याने तुमचं नाव सांगितलं."

"कधी?"

"पहिल्याच मे महिन्यात."

म्हणजे तीन वर्षं तिला माहीत होतं. मी विचारलं, "मग वडिलांना सांगितलं नाहीस?"

"सांगितलं. म्हणाले, आता सरांचं नाव घेतेस? दोन दिवस बोलले नाहीत." मग म्हणाली, "माझ्याकडून ऐकणार नाहीत ते. तुम्ही या."

ती रागावलेली नव्हती. तिला शुक्रवारपर्यंत सही हवी होती, आणि सही मिळवायचा एकच रस्ता माझ्या टेबलावरून जात होता. मी 'बघतो' म्हणालो. ती उठलीच नाही. मग मी 'उद्या येतो' म्हणालो.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी गेलो. दोन खोल्यांचा फ्लॅट, चौथा मजला. वडील नुकतेच कामावरून आलेले, गळ्यात टॉवेल. मला बघून टॉवेल काढला. "या, या सर. बसा. अगो, चहा टाक." आई आत गेली. मुलगी स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिली.

मी सांगितलं. फिरवून सांगायला सुरुवात केली होती. शाळेत मोबाईल किती वाढलेत, शिक्षकांवर किती ताण असतो. मग दाराकडे लक्ष गेलं आणि सरळ सांगितलं. फोन माझ्याकडे होता, रिंगा मी दिल्या, तारखा बरोबर होत्या, ते मला तेव्हाही माहीत होतं.

वडिलांनी टॉवेलची घडी करून मांडीवर ठेवली. आतून कपांचा आवाज येत होता, तो थांबला. मग ते क्लार्क असल्यासारखंच बोलले. "लेखी द्या."

"अं?"

"माझी बहीण आहे, गावचे लोक आहेत. चार वर्षं काय काय बोललेत. मी तोंडी सांगितलं तर म्हणतील, पोरीची बाजू घेतो. लेखी द्या, सर."

त्यांनी कागद आणि पेन आणून दिलं. मी चार ओळी लिहिल्या, सही केली. त्यांनी ओळीखाली बोट धरून वाचल्या.

"फोन कोणाला केलात ते नाही ह्यात. नुसतं 'कामानिमित्त' लिहिलंय."

"ते... तेवढं पुरे नाही का?"

"कामानिमित्त म्हणजे कुठलं काम, असं विचारतील. मीच विचारलं असतं."

चार वर्षांत माझी शिक्षा काय असावी ह्याचा विचार मी क्वचित केला होता, पण मसुदा परत येईल असं कधी वाटलं नव्हतं. दुसऱ्या कागदावर पुन्हा लिहिलं. आगाशीचा क्लास, भागीदार, खूण. सही आणि तारीख. तो कागद शाळेत गेला असता तर माझं काय झालं असतं, हे मला लिहिताना स्पष्ट दिसत होतं. तो शाळेत कधी गेला नाही, हे आता सांगता येतं. त्या संध्याकाळी माहीत नव्हतं.

त्यांनी कागद पुन्हा वाचला, घडी केली, शर्टाच्या खिशात ठेवली. मुलीकडे बघितलं नाही. समोरच्या भिंतीकडे बघत म्हणाले, "हॉस्टेलचं गेट कधी बंद करतात?"

"आठला," ती म्हणाली.

"रविवारी?"

"रविवारी पण आठला."

"आणि ड्युटी रात्रीची असली तर?"

"बरोबर सिस्टर असतात, बाबा. एकटं नाही सोडत."

"जेवणाचं काय?"

मी उठलो. चहा उकळून झाल्याचा वास येत होता, पण तो बाहेर आला नाही, आणि ते योग्यच होतं. मी दारात वाकून चपला घालत होतो तेव्हा ते विचारत होते, "फॉर्म कुठेय तो?", आणि ती आतल्या खोलीत पळत गेली होती.