आक्काचं घमेलं

लातूर जिल्हा वेगळा झाला आणि नवऱ्याला तिथल्या नव्या कचेरीत नेमणूक मिळाली. मी नांदेडला डी.एड. केलेलं होतं, मलाही शहरातल्या एका प्राथमिक शाळेत जागा मिळाली. मुलगा तेव्हा पावणेदोन वर्षांचा होता. त्याला दिवसभर सांभाळायला देवणीकडच्या आमच्या गावाहून माझी मोठी बहीण आली.

आक्काला मूलबाळ नव्हतं, नवरा लवकर गेला होता. गावात लोकांची घरं लिंपायची, सारवायची, भिंतींना पांढरी माती द्यायची, हे तिचं काम. बाहेरच्या भिंती आणि अंगण तेवढं तिच्याकडं असायचं, घरात तिला कुणी बोलवत नव्हतं. मी शिकले ती तिच्याच कष्टावर.

लातुरात दोन खोल्या मिळायला आम्हाला दीड महिना लागला. आडनाव सांगितलं की खोली नेमकी आदल्या दिवशी कुणाला तरी दिलेली असायची. शेवटी एका घरमालकीणबाईंनी दिली. त्या वाईट नव्हत्या. स्वच्छता लागते आम्हाला, एवढंच म्हणाल्या. त्या दिवसापासून मी उंबरा तीनतीनदा पुसायला लागले. पाऊस सलग दुसऱ्या वर्षी गेला होता, टँकर चार दिवसांनी यायचा, तरी मुलाचे हातपाय धुऊन, पावडर लावून त्याला दारात बसवायची.

आक्कानं गावाहून येताना जुन्या लुगड्यात बांधून पांढरी माती आणली होती. तांदूळ धुतलेलं, भांडी विसळलेलं पाणी ती वाया जाऊ द्यायची नाही. मागच्या मोरीजवळ घमेल्यात ते पाणी ओतून माती कालवायची आणि पोराला उघडंच त्याच्यासमोर बसवायची. कधी चिमूटभर गेरू, कधी चुलीतली राख. पोरगं कोपरापर्यंत हात घालायचं, फरशीवर थापायचं, भिंतीवर ओढायचं. भिंत भरली की आक्का फडक्यानं पुसून टाकायची आणि ते पुन्हा सुरू करायचं.

एकदा मी शाळेतून लवकर आले तर हाच उद्योग चाललेला. मी विचारलं, हे काय काढलंय त्यानं?

"काढलं काय न्हाई," आक्का म्हणाली. "करायलाय. करू दे."

पोरगं तोवर बोलत नव्हतं. आम्हाला त्याची काळजी लागली होती. त्या दुपारी त्यानं ओला हात माझ्या गालाला लावला आणि म्हणालं, "गार." त्याचा पहिला शब्द तो. मी आनंदले, पण आधी पदरानं गाल पुसला.

नंतर मी रंगीत खडू आणि कागद आणले. शिक्षिकेचा मुलगा होता ना. त्याची बोटं माझ्या मुठीत धरून आंबा काढायची, पान काढायची. सुरुवातीला तो हात ओढून घ्यायचा. मग ओढेनासा झाला. खडू हातात धरून, मी त्याचा हात धरण्याची वाट बघत बसायचा. ते आंबे मी भिंतीला चिकटवले, मालकीणबाईंना दाखवले. त्यांनी कौतुक केलं.

मग एका रविवारी मालकीणबाईंकडे पाहुणे आले. त्यांना मागचं अंगण दाखवायला त्या घेऊन आल्या. पोरगं मातीनं माखलेलं, भिंतीवर ओघळ, आक्काचे हात मनगटापर्यंत पांढरे. मालकीणबाई हळू आवाजात म्हणाल्या, शिकल्यासवरल्या लोकांचं घर म्हणून खोली दिली होती. पाहुण्यांपैकी एक बाई तोंडाला पदर लावून मागं सरकली.

माझ्या अंगाची आग झाली. मी पोराच्या दोन्ही हातांवर चापट्या मारल्या. प्यायच्या पाण्यातले दोन तांबे घेऊन ते हात धुतले. आणि सगळ्यांच्या देखत आक्काला म्हणाले, "आपण जन्मभर मातीतच राहायचं का? बाहेर काढायचंय मला याला."

आक्कानं घमेलं उचलून उपडं घातलं. संध्याकाळी भाकरी थापताना एकच वाक्य बोलली, "त्याला मारू नको. बोलायचं ते मला बोल."

दोन दिवसांनी ती गावाला गेली. कामं निघालीत म्हणाली. दुष्काळात लिंपायची कसली कामं निघणार, हे मला कळत होतं. मी थांबवलं नाही. मनातून मला सुटल्यासारखंच वाटलं, हे आज लिहिताना लपवत नाही. पुढं शेजारच्या एक बाई पोराला सांभाळायच्या. दिवसभर बाजेवर बसवून ठेवायच्या. मी घरी आले की ते दोन्ही तळवे पुढं करून दाखवायचं. स्वच्छ असायचे.

उन्हाळ्यात आक्का तलावाच्या कामावर जायला लागली. पाण्याचे हाल होते, मिळेल ते पाणी लोक पीत होते. तिला कावीळ झाली. तिनं आम्हाला कळवू दिलं नाही. निरोप आला तो ती गेल्याचाच.

आम्ही तिघं गेलो. आमच्या गावात दफन करतात. सगळ्यांनी एकेक मूठ माती टाकली. मी टाकली, नवऱ्यानं टाकली. मुलगा तेव्हा तीन वर्षांचा झाला होता. भावकीतल्या म्हाताऱ्या काकांनी त्याला पुढं घेतलं आणि म्हणाले, आक्काला माती दे बाळा. त्यानं दोन्ही हात पाठीमागं नेले आणि माझ्याकडं बघितलं.

"घाण होतील," तो म्हणाला.

कुणी त्याला रागावलं नाही. काका म्हणाले, राहू दे, लहान हाय. मला त्याची मूठ धरून माती टाकायला लावता आली असती. मी लावली नाही. त्याला कडेवर घेतलं आणि बाजूला जाऊन उभी राहिले. रडायला आलं ते तिथं.

पुढं मी शाळेत लहान वर्ग मागून घेतला. नंतर बालवाडीही माझ्याकडं आली. वर्गाच्या मागं मी माती, गेरू, पाणी ठेवायची आणि काय काढलंस, असं कुठल्याच पोराला विचारायची नाही. मुख्याध्यापक म्हणायचे, बाई, साहेब आल्यावर दाखवायला काहीतरी करून घ्या. त्यांना मी उत्तरं द्यायची. पण एकदा आमच्याच समाजातली एक आई आली. म्हणाली, "माती आमच्या घरी हायच की बाई. शाळेत पोराला मातीसाठी धाडायलोय का?" तिचं लुगडं धुतलेलं होतं, पोराच्या केसांना तेल लावून भांग पाडलेला होता.

मुलगा शिकला, चांगल्या नोकरीला लागला. त्याला आक्का अजिबात आठवत नाही. मागच्या वर्षी मी त्याला हे सगळं सांगितलं. त्यानं शांतपणे ऐकून घेतलं. मग विचारलं, गेल्या तेव्हा त्यांचं वय काय होतं? मी बोटं मोजत बसले. तिच्या जन्माची नोंद कुठंच नव्हती.