सांधलेलं चाक

आमचं वेल्डिंगचं दुकान जालन्यात मोंढ्याच्या मागच्या रस्त्यावर होतं. वर पत्रे, पुढं नांगराचे फाळ, बैलगाडीच्या चाकांच्या लोखंडी धावा आणि मोडक्या ट्रॉल्या. दुकान माझ्या नवऱ्याचं. मी तिथून हाकेच्या अंतरावर एका डॉक्टरांच्या दवाखान्यात नर्स होते. आमच्या आईबापांनी धम्म घेतला तेव्हा आम्ही दोघंही शाळकरी वयाचे होतो. पुढं नवरा औरंगाबादेला वेल्डिंग शिकला, मी नर्सिंग शिकले. वस्तीत आम्हाला नावानं कुणी हाक मारत नसे. तो मिस्त्री आणि मी सिस्टरबाई.

डॉक्टर पन्नाशीचे, एकटेच राहायचे. हैदराबादेला शिकले आणि तिथूनच त्यांनी ती गाडी आणली. दोन माणसांची, बुटकी, विलायती शर्यतीची गाडी. वर कापडी टप, पुढं लांबलचक नाक. कुठल्याशा बड्या घरातून हात बदलत ती त्यांच्याकडे आली होती. बहात्तरच्या दुष्काळात लोकांनी फोडलेली खडी नुकतीच रस्त्यांवर पडली होती, आणि त्या खडीवर गाडीचं पोट खरवडून निघायचं. लोक म्हणायचे, डॉक्टरसाहेब, जीप घ्या. ते म्हणायचे, "जीप म्हणजे म्हैस. ही जल्दी पोचते."

आणि ती पोचायची, हे खरं. खेड्यातून अडलेल्या बाईचा निरोप आला की ते गाडी दवाखान्याच्या दारात आणायचे, मी बॅग मांडीवर घेऊन शेजारी बसायचे आणि कानावरून पदर घट्ट गुंडाळून घ्यायचे. पाथरवाल्यापासून राजूरपर्यंत कितीतरी पोरं त्या गाडीमुळं जिवंत जन्मली. रस्त्यानं जाताना बाया शेतातून हात हलवायच्या. मला ते आवडायचं.

एका उन्हाळ्यात टायर पंक्चर झाला म्हणून गाडी आमच्या दुकानी आली. नवऱ्यानं पुढचं डावं चाक काढलं, पुसलं आणि तिथंच थांबला. चाकाच्या पोलादी तबकडीला बोल्टची भोकं असतात, त्यातल्या एका भोकापासून केसासारखी बारीक रेघ निघून कडेकडे गेली होती. त्यानं तिच्यावरून अंगठा फिरवला.

"साहेब, चाक तडकलंय."

"मग जोड की," डॉक्टर म्हणाले.

"जोडता येतंय. पण बदललं तर बरं. चाकावर सगळा भार असतोय, आन् ते फिरत असतंय. फाळासारखं एका जागी ऱ्हात न्हाई ते."

"बदलू कुठून? ही गाडी बनायची बंद होऊन जमाना झाला."

तरी डॉक्टरांनी शोध केला. हैदराबादच्या जुन्या बाजारात माणूस पाठवला, मुंबईत विचारलं. अँबॅसडरचं चाक लावून बघितलं तर भोकं जुळेनात. गाडीची स्टेपनी कधीचीच गंजून गेली होती. गाडी उभी राहिली. आम्ही एसटीनं, बैलगाडीनं, एकदा तर दुधाच्या टेम्पोत कॅनांच्या मधे बसून बाळंतपणाला गेलो. आष्टीकडच्या एका वस्तीवर पोचलो तेव्हा अंगणात बायका बसल्या होत्या आणि आमच्याकडे कुणी बघेना. आत जायची गरजच उरली नव्हती.

दुसऱ्या दिवशी डॉक्टर दुकानात येऊन उभे राहिले. "तू ट्रकचा सांगाडा जोडतोस. ऊस गाळायच्या चरकाचा दांडा जोडतोस. या एवढ्याशा चाकाला का भितोस?"

त्या संध्याकाळी नवरा जेवताना म्हणाला, "नीट केलं तर धरंल. मी करून बघतो."

मी म्हटलं, "करा. लोकं वाट बघतात तिकडं."

त्यानं ते काम फार मन लावून केलं. रेघेच्या टोकाला बारीक भोक पाडलं, तडा पुढं सरकू नये म्हणून. दोन्ही बाजूंनी घासून खाच केली. एक बोटभर जोडायचा, थांबायचा, लोखंड निवू द्यायचा, परत जोडायचा. मी दुपारी डबा घेऊन गेले तर म्हणाला, "जल्दी न्हाई करायची याला." शेवटी सांधा घासून असा गुळगुळीत केला की काळा रंग दिल्यावर कुठं जोडलंय ते मलासुद्धा सांगता आलं नसतं. डॉक्टरांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. दुकानात उभ्या असलेल्या दोघा-तिघांनी चाक हातात घेऊन बघितलं. मला नवऱ्याचा अभिमान वाटला.

सगळा पावसाळा ते चाक चाललं. चिखलात रुतलं, निघालं. खड्ड्यात आपटलं. सुरुवातीला नवरा आठवड्याला गाडी दुकानात बोलवायचा, सांध्यावर हातोडी वाजवून कान लावायचा. मग महिन्याला. मग डॉक्टरांनाच सवड होईना.

दिवाळी होऊन गेली होती. ज्वारी कमरेला आली होती. राजूरच्या पलीकडच्या एका वाडीवरून एक माणूस सायकल हाणत आला. त्याची बायको आदल्या दिवसापासून अडली होती. आम्ही जेवण तसंच ठेवून निघालो. त्या दिवशी चतुर्थी होती. राजूरच्या गणपतीहून परतणाऱ्या बैलगाड्या समोरून येत होत्या, म्हणून डॉक्टर गाडी बेताबेतानं चालवत होते. हे मी पुढं पुष्कळ लोकांना सांगितलं. कुणाचा विश्वास बसला नाही. शर्यतीची गाडी उलटली म्हणजे ती पळत असणारच, असं सगळ्यांनी धरलं.

एका वळणावर माझ्या पायाखाली ठण् असा आवाज झाला. घंटेवर दगड बसावा तसा. गाडीचं नाक माझ्या बाजूला खाली बसलं. डॉक्टर म्हणाले, "अरे," इतकंच. पुढचं मला तुकड्या-तुकड्यांत आठवतं. आभाळ खाली आलं, बाभळीच्या फांद्या तोंडावर आल्या, आणि मग सगळं थांबलं. माझा उजवा हात काचेच्या चौकटीखाली होता. दुखत नव्हता. हात माझाच आहे का, असं वाटत होतं. डॉक्टर बाहेर फेकले गेले होते. रस्त्याच्या कडेला खडीचा ढीग होता, त्याला टेकून बसल्यासारखे दिसत होते. मी त्यांना हाका मारत राहिले.

बैलगाड्यांतल्या माणसांनी गाडी उचलून मला काढलं. कुणीतरी आपलं पांघरूण फाडून माझा हात बांधला. मी त्यांना सांगत होते, मला राहू द्या, त्या वाडीवर कुणालातरी पाठवा. एका म्हातारीनं माझं डोकं मांडीवर घेतलं आणि म्हणाली, "गप राह्य माय. तुझ्यासाठीच कोन्हाला पाठवायची येळ आलीय."

डॉक्टर त्यानंतर बोलले नाहीत. दोन-तीन दिवसांत ते गेले. वाडीवरच्या बाईला गावच्या सुईणीनं सोडवलं. बाई वाचली, मूल गेलं. हे सगळं मला नवऱ्यानंच सरकारी दवाखान्यातल्या खाटेपाशी बसून सांगितलं.

पंचनामा करायला आलेल्या हवालदारानं टायर फुटला असं लिहून घेतलं होतं. नवरा चौकीत गेला आणि म्हणाला, "टायर फुटला न्हाई साहेब. चाक तुटलं. मी जोडल्तं ते."

हवालदारानं मानसुद्धा वर केली नाही. "तुला कुणी इचारलं का? जा, बायकोकडं बघ."

तो दुसऱ्या दिवशी परत गेला. तिसऱ्या दिवशीही गेला. शेवटी त्यांनी त्याला चौकीच्या पायरीवरून हुसकून लावलं. त्याला शिक्षा हवी होती की काय हवं होतं, मला कळलं नाही. विचारायची ताकदही नव्हती. माझ्या हाताची तीन बोटं वाकेनात. डॉक्टर लोक म्हणाले, हळूहळू येतील. मी नर्स होते. येणार नाहीत, हे मला त्यांच्या आवाजावरून कळलं होतं.

घरी आल्यावर एका दुपारी त्यानं गोणपाट उलगडून माझ्यापुढं ठेवलं. आत चाकाचे तुकडे होते. अपघाताच्या जागेवरून त्यानं वेचून आणले होते.

"हे बघ," तो म्हणाला. "सांधा जशाचा तसा आहे. सांधा सुटला न्हाई. त्याच्या बाजूनं तुटलंय. बिलकुल बाजूनं."

त्यानं एक तुकडा माझ्यापुढं सरकवला.

"लोकं म्हनत्यात मिस्त्रीचं वेल्डिंग सुटलं. सुटलं न्हाई. तू बघ ना. धरून ठेवलंय त्यानं."

"मंग माझा हात का न्हाई धरून ठेवला त्यानं?" मी म्हणाले.

त्यानं गोणपाट परत गुंडाळलं. मला वाईट वाटलं नाही. कितीतरी दिवस वाईट वाटलं नाही. तो माझी वेणी घालायचा, मला जेवू घालायचा, पाण्याच्या बादल्या भरायचा, आणि मी त्याच्याकडून हे सगळं करून घ्यायचे. रात्री तो छपराकडे बघत पडलेला असायचा. मला ते कळायचं. मी कूस बदलायचे.

मोडकी गाडी डॉक्टरांच्या दवाखान्याच्या अंगणात आणून ठेवली होती. दवाखान्याच्या चाव्या तेव्हा माझ्याकडेच होत्या. एक दिवस त्यानं त्या मागितल्या आणि गाडीची उरलेली तीन चाकं काढून दुकानात आणली. रंग खरवडला. रॉकेलमध्ये भिजवून ठेवली, मग कोरड्या फडक्यानं लख्ख पुसली आणि वर खडूची पूड चोळली. लोखंडात कुठं फट असेल तर मुरलेलं रॉकेल हळूहळू वर येतं आणि पांढऱ्या खडूवर काळी रेघ उमटते. मी डाव्या हातानं खारकेसारखी सुकलेली बोटं चोळत बसले होते, तेव्हा तो मला हाक मारायला आला. कितीतरी दिवसांनी त्यानं मला हाक मारली.

मी दुकानात गेले. दोन चाकांवर रेघा उमटल्या होत्या. एकावर तर भोकाभोवती कोळ्याच्या जाळ्यासारख्या.

"मी एक तडा बघितला आन् तेवढा भरला," तो म्हणाला. "दुसरे रंगाखाली होते. दिसत नव्हते. लोखंड थकून गेल्तं. मी तिथं जाळ लावला, तर बाजूचं अजून कच्चं झालं असंल."

"आधी असं बघता आलं असतं?"

"आलं असतं."

"मंग बघितलं का न्हाई?"

"मला वाटलं, दिसतंय तेवढंच आहे."

एवढंच तो म्हणाला. त्यानं माफी मागितली नाही, मीही दिली नाही. पण त्या दिवशी आम्ही दुकानातून घरी बरोबर चालत आलो.

थोड्या दिवसांनी डॉक्टरांचा पुतण्या हैदराबादहून आला. घरातलं सामान विकायला आला होता. गाडीलाही गिऱ्हाईक मिळालं होतं, जुन्या गाड्यांचा शौक असलेला कुणी औरंगाबादचा माणूस. पत्रा ठोकून घेता येईल, पण चाकं पाहिजेत. पुतण्या दुकानात आला आणि म्हणाला, "तीन तर आहेतच. तुटलेलं पण जोडून दे. चारी तयार कर."

"जोडणार न्हाई," नवरा म्हणाला. त्यानं त्याला खडूवरच्या रेघा दाखवल्या.

पुतण्यानं वाकून बघितलं. "यात काय आहे? बारीक रेघा आहेत. तू करत नसशील तर दुसरीकडे घेऊन जातो. गावात काय तूच एक आहेस?"

ते खरं होतं. गावात तेव्हा आणखी वेल्डिंगवाले होते आणि त्यातल्या कुणीही ती चाकं नको म्हटली नसती. रंग देऊन ती नव्यासारखी दिसली असती. पुतण्या टेम्पो आणायला गेला.

मी तिथंच स्टुलावर बसले होते. नवऱ्यानं एकदा माझ्याकडे बघितलं. मग उठला, गॅसचं कटर पेटवलं, डोळ्यांवर काळा चष्मा चढवला आणि तीनही चाकं, रेघ न उमटलेलं तिसरंसुद्धा, मधोमध कापली. ठिणग्या माझ्या पायापर्यंत येत होत्या. मी पाय मागं घेतले नाहीत.

पुतण्या टेम्पो घेऊन आला तेव्हा अर्धी-अर्धी चाकं जमिनीवर निवत पडली होती. त्यानं काय काय शिव्या दिल्या त्या सांगत नाही. आमच्या आईबापांनी धम्म घेऊन जे मागं टाकलं होतं, ते सगळं त्यानं आमच्या दुकानापुढं उभं राहून बाहेर काढलं. "काकाला मारलंस, आता त्याची चीजवस्तू पण मारतोस," असं म्हणाला. बघायला माणसं जमली. नवरा हात खाली सोडून उभा होता. मी उठले. माझा गळ्यात बांधलेला हात पुढं केला आणि म्हणाले, "ज्याला गाडी विकायची, त्याच्या घरी कुणी आहे का, ते आधी इचारून या."

तो गेला. गाडीचा सांगाडा पुढं भंगारात गेला. आमच्या दुकानात काही महिने गिऱ्हाईक कमी झालं. ज्यांनी चाक हातात घेऊन वाहवा केली होती, ते दुकानावरून जाताना समोर बघून जायचे.

नवऱ्यानं मात्र पुन्हा कधी कुणाचं चाक जोडलं नाही. जीपवाले यायचे, ट्रॅक्टरवाले यायचे. तो म्हणायचा, नवं घ्या. ते हसायचे आणि पुढच्या गल्लीत जाऊन जोडून घ्यायचे. एक जीप तर तशा जोडलेल्या चाकावर वर्षानुवर्षं आमच्या दुकानावरून जायची. तिला काही झालं नाही. ती गेली की तो हातातलं काम थांबवून बघत राहायचा.

मला सरकारी दवाखान्यात लस टोचायचं आणि गोळ्या द्यायचं काम मिळालं. ते डाव्या हातानं जमायचं. बाळंतपणाला मात्र माझा हात कधी चालला नाही. बाया यायच्या, म्हणायच्या, तुम्हीच या बाई. मी त्यांना दुसऱ्या सिस्टरकडे पाठवायचे आणि कळा ओसरेपर्यंत दाराबाहेर उभी राहायचे.

माहेरी कुंभार पिंपळगावला जायचं असलं की नवरा मला एसटी स्टँडवर सोडायला यायचा. बाकीचे लोक जागा धरायला खिडकीतून टोप्या टाकायचे, आणि हा खाली वाकून बसच्या एकेका चाकाभोवती फिरायचा. बोल्टजवळ बोट लावायचा, दगडानं ठोकून कान द्यायचा. ड्रायव्हर ओरडायचा, "ओ मिस्त्री, काय हुडकून राह्यले?" लोक हसायचे. मला लाजल्यासारखं व्हायचं. शेवटचं चाक बघून झालं की तो हात पुसत उभा राहायचा आणि म्हणायचा, "चढ." मग मी चढायचे.