पंपाच्या लॅबमधलं ‘काहून?’

यवतमाळच्या आमच्या इंजिनिअरिंग कॉलेजात मी पंप आणि टर्बाइनचं डिझाइन शिकवतो. आता हे सगळं सॉफ्टवेअरवर. गणित कम्प्युटर करतो, आणि उत्तर येईपर्यंत तासन् तास आपल्याला काही काम नसतं. मला एका जागी बसवत नाही. मी येरझारा घालतो. किस्से जमतात ते असे, चालता चालता.

*

सॉफ्टवेअर नवं होतं तेव्हाची गोष्ट. आर्णीचा एक विद्यार्थी धावत आला.

“सर, माह्या पंपाची एफिशियन्सी एकशे बारा टक्के आली.”

म्हटलं, “अरे, दिली त्यापेक्षा जास्त ऊर्जा बाहेर येईल कशी?”

तो शांतपणे म्हणाला, “पण सर, एरर तर नाही आला.”

आमचे लॅब अटेंडंट गजूभाऊ टेबल पुसत होते. म्हणाले, “मंग तो पंप आमच्या गावाले द्या. लोडशेडिंगची कटकट मिटन.”

*

एकदा मोठं सिम्युलेशन लावलं. सकाळपासून चाललेलं, दुपारी ब्याण्णव टक्क्यांवर आलं. दर पाच मिनिटांनी मी स्क्रीनमध्ये डोकावत होतो. शेवटी गजूभाऊच म्हणाले, “सर, जेवून या. तुमच्या पाह्यल्यानं ते लवकर नाही होत.”

मी वीस मिनिटांत परतलो. स्क्रीन काळी.

“लाइट गेली का?”

“नाही सर. कम्प्युटर लई धापा टाकून राह्यला होता. हात लावून पाह्यला तं गरम. म्हटलं, तुम्ही येईपर्यंत जरासा दम घेऊ द्या.”

रागवायचं कोणावर?

*

मग पोरांचे रिपोर्ट आले. चाळीस रिपोर्ट, आणि चाळिसांत इम्पेलर एकच. इम्पेलर म्हणजे पंपात पाणी फेकणारं पात्यांचं चाक. मी वर्गात विचारलं, “सगळ्यांचं चाक सारखंच कसं?”

मागच्या बाकावरून उत्तर आलं, “सर, सॉफ्टवेअर उघडलं का तेच येते.”

*

त्या चाळिसांत मुकुटबनची पल्लवीही होती. तास संपल्यावर ती केबिनमध्ये आली.

“सर, पात्याचा कोन आपण बावीस अंश घेतो. काहून?”

“पुस्तकात तसाच आहे.”

ती गेली. मला मात्र दिवसभर चैन पडेना. अकरा वर्षं मी बावीसच सांगत होतो.

फायनल प्रोजेक्ट म्हणून तिनं शिकणाऱ्यांसाठी स्वतःचा एक छोटा प्रोग्राम लिहिला. त्यात पात्याचा कोन बदलला की स्क्रीनवर यायचं, ‘काहून?’ कारण लिहिल्याशिवाय चित्र पुढे सरकायचं नाही. पोरं कोणती पळवाट काढतील हे तिनं आधीच हेरून ठेवलं होतं, आणि प्रत्येक पळवाटेवर एक प्रश्न.

परीक्षा घ्यायला बाहेरून एक ज्येष्ठ प्राध्यापक आले. बोलणं अगदी शुद्ध, कपाळावर आठी. “हे तुम्हीच केलंत, की नेटवरून उतरवलंत?”

“चालवून पाहा ना, सर.”

त्यांनी कोन बावीसचा तीस केला.

‘काहून?’

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी खुर्चीत चुळबुळलो. पोरीचे मार्क जातात की काय, हीच धास्ती. त्यांनी टाइप केलं, ‘अनुभव’.

‘कोणाचा?’

चहा घेऊन आलेले गजूभाऊ दारातच थांबले. सरांनी चष्मा काढून पुसला, परत लावला. मग एका बोटानं हळूहळू लिहिलं, ‘माझ्या सरांचा’. एकेक अक्षर खोडलं आणि पल्लवीकडे वळले.

“मले सांग बाई, तू बावीस काहून घेतला?”

पल्लवीनं खडू उचलला. पुढची तीन पोरं बाहेर ताटकळत होती.

मी खिशातून पेन काढला आणि लिहून घ्यायला लागलो.