मिक्सरमागच्या काकू

“मले पुरुष म्हणून राहिला तो मेला! पुरुष!”

सुमनकाकू अशा ओरडल्या की आमच्या ब्राह्मणपारा मोहल्ल्यातल्या देवळावरची कबुतरं उडाली ती थेट गावाबाहेर बीरगांवच्या कारखान्यातल्या भट्टीवर जाऊन बसली. मी त्यांचा शेजारी; माझ्या फोनवर आलेलं एका चाहत्याचं म्हणणं त्यांना वाचून दाखवत होतो. एका नव्या, विचित्र अल्बमच्या चौथ्या गाण्यात जो बिननावाचा आवाज आहे, तो नक्कीच एखाद्या म्हाताऱ्या पुरुषाचा, असं त्याचं ठाम मत होतं. आवाज होता काकूंचा.

अल्बम केला होता निखिलने. तो काकूंचा वरच्या मजल्यावरचा भाडेकरू. बीरगांवच्या कारखान्यात नोकरी करायचा आणि तिथल्याच यंत्रांचे आवाज गोळा करून त्यांचं संगीत बनवायचा. मी सगळं ऐकलं आहे. पहिल्या गाण्यात पत्रा रडतो, दुसऱ्यात तोच हसतो, तिसऱ्यात नळ दुरुस्त करायला माणूस आल्यासारखं वाटतं. मग चौथ्यात काकू येतात आणि अंगावर काटा उभा राहतो.

काकू एके काळी मोहल्ल्याच्या भजनी मंडळात पुढे बसून गायच्या. गळ्याचं ऑपरेशन झालं नि आवाज चिरला. मंडळाच्या प्रमुख प्रमिलाताई गोड हसून म्हणाल्या, “सुमन, तू आता नुसते टाळ धर.” काकूंनी टाळ धरले, ओठ मिटले. तीन वर्षं! पण गाणं काही पोटात राहीना. मग त्यांनी युक्ती काढली. मिक्सर सुरू करायचा आणि त्याच्या घरघरीआड गायचं, म्हणजे कोणाला ऐकू जायला नको. अभंग लांबला की चटणी वाढायची. त्या घरात खिचडीला चटणी, शिऱ्याला चटणी. काका तर चहाकडेही संशयाने बघायचे.

हे निखिलने जिन्यात ऐकलं आणि तो हात जोडूनच आत आला. “आंटी, मशीन के ऊपर ऐसी आवाज़ मैंने आज तक नहीं सुनी.” काकू गायला तयार झाल्या, पण मिक्सर चालू ठेवून, आणि एका अटीवर.

“नाव टाकलंस तं वरचं पाणी बंद करीन. मंडळातल्या बाया हासतीन मले.”

अल्बम निघाला आणि ऐकणारे पिसाळले. कोण ही? रोज चारच्या चहाला काकूंची हाक यायची, “वाच रे पोट्ट्या, आज कोण आहे मी?” मी पन्नाशीचा, तरी पोट्टाच. एके दिवशी त्या बस्तरच्या जंगलातल्या शंभर वर्षांच्या आजी होत्या. दुसऱ्या दिवशी कंप्युटर. एका विद्वानाने गाणं संथ करून ऐकलं. त्याच्या मते त्या दोन बायका होत्या, सख्ख्या बहिणी आणि एकमेकींशी अबोला धरलेल्या.

“काहून भांडल्या असतीन बा?” काकूंनी अगदी मनापासून विचारलं.

एकाने लिहिलं होतं की हा आवाज ऐकून मी गाडी बाजूला घेतली आणि आईला फोन केला. ते मात्र काकूंनी मला दोनदा वाचायला लावलं.

काकूंना जाऊन आता वर्ष होईल. लोक अजून भांडताहेत, नि मी वाचून गप्प बसतो. तुमच्याजवळ बोललो ते बोललो. पण एकदा मात्र गोष्ट माझ्या अगदी ओठांपर्यंत आली होती.

त्या दुपारी प्रमिलाताई फोन नाचवत काकूंच्या ओसरीत आल्या. नातीने त्यांना चौथं गाणं ऐकवलं होतं. “सुमन, कोण बाई आहे व ही? काय आवाज आहे! दगड फुटते ऐकून. तुझ्या भाडेकरूले विचार. जन्माष्टमीले तिले मंडळात पुढं बसवतो आपण, मधोमध.”

काकू सुपात तांदूळ निवडत होत्या. त्यांचा हात थांबला. जी जागा गेली म्हणून काकूंनी तीन वर्षं चटण्या वाटल्या, ती जागा समोर येऊन उभी होती; एक शब्द बोलायचा अवकाश. मी तोंड उघडलं. काकूंनी माझ्याकडे असं पाहिलं की ते आपोआप मिटलं.

“सांगशील ना तिले?” प्रमिलाताई म्हणाल्या.

काकूंनी सुपातला एक खडा वेचून अंगणात टाकला.

“भेटली तं सांगीन.”